लेडबरीच्या बाजारातली जागा

साहेबकाका मेथीवर पाणी शिंपडत प्रत्येक गिऱ्हाइकाला 'गुड मॉर्निंग' म्हणत. बाजार उठायच्या वेळीही म्हणत. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात पिंपळाखाली त्यांची पिढीजात जागा होती, आणि डोळे घारे होते. त्यांचा पणजा म्हणे कापसाच्या जिनिंगवर आलेला गोरा साहेब, मूळ गाव विलायतेतलं लेडबरी. पुरावा काय, तर डोळे. "घारे डोळे तं माह्या बोक्याचेबी हायेत," शेजारची मिरचीवाली शांताबाई एकदा म्हणाली. काका शांतपणे म्हणाले, "मंग त्याचंबी गाव इचारून घे."

पुढे पुतण्यानं त्यांना मोबाइलवर लेडबरी दाखवलं. जुनं बाजारगाव, मधोमध लाकडी खांबांवर उभं बाजारघर, खाली दुकानं. दुसरा कुणी हरखला असता, काकांची झोप उडाली. बाजाराचा कायदा त्यांना ठाऊक होता. दोन बाजार चुकले की जागा दुसऱ्याची. इथे तर पणज्यानंतर घरचं कुणी तिकडे फिरकलंच नव्हतं.

मी नर्स म्हणून इंग्लंडला निघाले तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी पापड-कुरड्या दिल्या. काकांनी घडी घातलेलं पोतं दिलं. "पोरी, खांबापाशी हे आथरून आपली जागा धरजो. कोनी भांडलं तं मले फोन लावजो."

सुट्टीच्या दिवशी मी गेले. खांबाशी एक म्हातारी कोबी विकत होती. लाजेनं अर्धी होऊन मी तिला सगळं सांगितलं आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी गुड मॉर्निंग केलं, मग कोबीचा भाव विचारून नाक मुरडलं. म्हातारी पोट धरून हसली. मग तिनं आपले क्रेट बाजूला सरकवले आणि पोतं स्वतःच्या हातानं अंथरलं. काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "सरकली," ते म्हणाले. "हक्कवाल्यासाठीच सरकते मानूस."

गेल्या हिवाळ्यात साहेबकाका गेले. पिंपळाखाली आता शांताबाईच्या मिरच्या पसरल्या आहेत. कायदा म्हणजे कायदा. मला मात्र त्यांची फार आठवण येते, मग मी लेडबरीला जाऊन येते. म्हातारी दर बाजारी पोतं झटकून अंथरते. कुणी विचारलं तर सांगते, ही जागा एका जुन्या लेडबरीकराची आहे, सध्या तो भारतात असतो.

काका गेल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. जागा जायची.