अवसरी घाटातला आडवा टेम्पो

अवसरी घाटातली ती सकाळ अजून मनातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी आंबेगाव तालुक्यात फौजदार होतो. ठाण्यात हजेरी चालू असतानाच फोन आला की घाटात मोटार आणि टेम्पोची टक्कर झालीय. आम्ही पोचलो तेव्हा एक जुनी पांढरी डिझेल मोटार रिकाम्या टेम्पोच्या मागच्या फाळक्याला नाक लावून उभी होती. टेम्पोचं पुढचं एक चाक दगडी कठडा फोडून दरीवर लोंबत होतं. टॉमेटोचे रिकामे क्रेट उतारभर विखुरले होते.

मोटार राजुरीच्या एका बागायतदाराची होती. गावात त्यांचं खताचं दुकान, वजन मोठं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पत्नीला घेऊन ते पुण्याहून स्वतः गाडी चालवत परतत होते. काकूंचा हात मोडला होता, त्यांना दवाखान्यात हलवलं. अण्णांनी संतापाने टेम्पोच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

"साहेब, ह्याने मला मारायला टेम्पो आडवा घातला! मी हॉर्न देतोय, तर ज्या बाजूला जावं त्या बाजूला हा पुढं. मला दरीत ढकलायचं होतं याला."

टेम्पोचा ड्रायव्हर पिंपरी पेंढारचा. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तो याच अण्णांची मोटार चालवत होता आणि अण्णांनी त्याला चारचौघांत अपमान करून कामावरून काढलं होतं. फिर्याद दाखल झाली, खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला आणि त्याला ताब्यात घेतलं.

दुपारी आमच्या खबऱ्याने आणखी भर घातली. नोकरी गेल्यावर हा ड्रायव्हर चहाच्या टपरीवर म्हणाला होता, "आण्णाची गाडी एक दिवस घाटात घात करणार." टपरीवाल्याने तसा जबाबही दिला. हेतू होता, धमकी होती, आरोपी जागेवरच सापडला होता. गुन्हा उघड झाला, असं कोणीही म्हटलं असतं.

चौकशीला तो समोर बसला तेव्हा त्याच्या कपाळावर पट्टी होती. अशा वेळी माणूस एकतर खूप बोलतो किंवा अजिबात बोलत नाही. हा विचारलं तेवढंच सांगत होता.

"टपरीवर तू तसं बोललास?"

"व्हय, साहेब. त्या गाडीचा व्हॅक्यूम पंप मरत आला व्हता. कितींदा सांगितलं, आण्णा, पंप बदला. त्यांना वाटलं मी पार्टात पैसं खातो. म्हणून तर काढलं मला."

"आणि आज?"

"मागनं हॉर्न ऐकला, आरशात बघितलं तर आपलीच गाडी. सुसाट येती. आण्णा स्टेअरिंगला लटकल्यागत दिसलं. वळखलं, ब्रेकचं पॅडल दगड झालंय. म्हणलं पुढं ऱ्हावं, येऊन टेकू द्यावं, मंग दोनी गाड्या माझ्याच ब्रेकावर थांबवाव्या."

"अण्णांवर राग नव्हता तुझा?"

"व्हता की. लई व्हता. पर आरशात मरायला चाललेला माणूस दिसल्यावर राग कुठला ध्यानात येतो?"

आरोपी काहीही सांगतो. खरं-खोटं वस्तूंना विचारावं लागतं. मी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. ठाण्याच्या आवारात इंजिन चालू ठेवून त्यांनी मला ब्रेक दाबायला लावला. पूर्ण जोर लावला तरी पॅडल जेमतेम हललं. त्यांनी समजावलं, की डिझेल गाडीत ब्रेक पायाला हलका करणारी ताकद हा छोटा पंप तयार करतो. तो बंद पडला की दोन-तीनदा दाबेपर्यंत ब्रेक लागतो, मग पॅडल घट्ट होतं. पंप खोलला. आतली पाती झिजून तुटली होती. पाइप शाबूत, नटांवर जुना गंज, कोणाचाही हात लागल्याची खूण नाही. अण्णांनी डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल केली होती, तीही मग गिअरमध्ये पडेना.

तिथून मी तडक दवाखान्यात गेलो. काकू शुद्धीवर होत्या.

"आमचे हे आडवा आला, आडवा आला म्हणत व्हते," त्या हळूच म्हणाल्या. "पण मी बघितलं ना, साहेब. त्याने खिडकीतनं हात बाहेर काढला व्हता. या, या, असं बोलवत व्हता. मंग गाडी टेकली. एकदा, दोनदा. मंग चिकटलीच."

दुसऱ्या दिवशी हवालदाराने केलेला पंचनामा घेऊन मी घाटात उभा राहिलो. टेम्पोच्या टायरचे काळे पट्टे वळणापासून थेट त्या फुटलेल्या कठड्यापर्यंत होते. मोटारीचा एकही पट्टा नव्हता. दोन गाड्यांचा भार एका माणसाने आपल्या एकट्याच्या ब्रेकवर पेलला होता, आणि खाली पाहिलं तर झाडांचे शेंडेच दिसत होते. नोकरीत मी बरीच धाडसं पाहिली. तिथे मात्र नकळत माझी टोपी हातात आली.

अण्णांना ठाण्यात बोलावून पंप दाखवला, काकूंचा जबाब वाचून दाखवला. त्यांनी तुटकं पातं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग उठून ड्रायव्हरसमोर गेले. त्यांनी हात जोडले. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आण्णा. काकूचा हात कसाय? आन् आता पंप नवा टाका, जुना दुरुस्त करत बसू नका."

गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून मी न्यायालयात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली आणि ड्रायव्हरला घरी सोडलं.

पोलीस प्रशिक्षणात आम्हाला आधी हेतू शोधायला शिकवतात. त्या माणसाकडे हेतू होता, संधीही होती. अण्णांना वाट करून दिली असती, तरी कोणत्याही कायद्याने त्याला बोट लावलं नसतं. तेव्हापासून कुणाचा राग कागदावर लिहून घेताना मी स्वतःला बजावत आलो, की राग म्हणजे माणसाची करणी नव्हे.

जाताना फाटकापाशी मी त्याला विचारलं होतं, "कठडा पुरता तुटला असता तर?"

तो कपाळावरची पट्टी चाचपत म्हणाला, "तेवढा इचार करत बसलो असतो साहेब, तर ब्रेक दाबायचा ऱ्हाऊन गेला असता."