जाळीमागचा सुलतान

तुर्कांचं उस्मानी साम्राज्य शंभर वर्षांपूर्वी बुडालं, असं तुमच्या पुस्तकांत असेल; पण मुलांनो, सिंगापूरच्या हौगांगला आमच्या मजल्यावर ते परवापर्यंत सुरळीत चालू होतं. शेजारचे आजोबा ते चालवत. पुण्यात जन्मभर इतिहास शिकवून, पत्नी गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले आणि सामानाबरोबर अख्खा दरबार घेऊन आले. सून वजीर-ए-आझम, कारण किल्ल्या तिच्याकडे. नात दरबारची दुभाषी, कारण हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांवर, कॉफी मागायची तिनेच. आजोबा दूध किती, साखर किती, कप कुठला, सगळं सांगत बसत आणि ती इथल्या ढंगात म्हणे, "आजोबा, इतकं लाँग नाही चालत ला. कोपी म्हणायचं, बस." सुलतानाला भेटणाऱ्या परदेशी राजदूतांना आधी मानाचा झगा चढवत, म्हणून यांच्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला खुंटीवरची लोकरी शाल पांघरावी लागे. एसी दुरुस्त करायला आलेला गृहस्थ ती पांघरूनच शिडीवर चढला, घामाघूम. मी डबा घेऊन गेले की मलाही सुटका नसे. "वहिनी, नियम म्हणजे नियम," ते म्हणत. शाल त्यांच्या पत्नीची होती, हे मला फार उशिरा कळलं.

पण त्यांचा सर्वांत आवडता रिवाज जाळीचा. दिवाण, म्हणजे वजिरांची सभा, भरली की सुलतान तिथे बसत नसे. भिंतीतल्या जाळीमागून ऐके आणि पुरे झालं की जाळीवर टकटक करी. तेवढ्यावर सभा उठे. घरात काही ठरवायचं असलं की आजोबा बाहेर कॉरिडॉरमध्ये स्टूल टाकून खिडकीच्या ग्रिलपाशी बसत. पडद्यांचा रंग, नातीची शाळा, गणपतीचा नैवेद्य, सगळं त्यांनी तिथून ऐकलं. टकटक बहुधा भूक लागल्यावर होई.

यंदा मुलाला कॅनडात नोकरी मिळाली. वडिलांना नेता येणार नव्हतं. त्यांनी पुण्याला वृद्धाश्रमात राहावं, असं घाटत होतं. सभा भरली, मलाही बोलावलं. आजोबा बाहेर, स्टुलावर. मुलगा खिडकीकडे बघत म्हणाला, "बाबा नको म्हणाले, तर मी जात नाही." खरंच गेला नसता तो. सून खाली मान घालून बसली. बऱ्याच वेळाने ग्रिलवर टकटक झाली.

मी बाहेर गेले. म्हटलं, "भाऊजी, एक शब्द बोला की."

"सुलतान नुसता ऐकतो, वहिनी," ते म्हणाले आणि स्टूल उचलून आत गेले.

मुलगा कॅनडाला गेला, आजोबा पुण्याला; आता तिथे नवं बिऱ्हाड आलंय. बाजारातून येताना मी त्या ग्रिलपाशी जरा थबकते. टकटक करावीशी वाटते. पण आत उठायला सभाच नाही.