चुडा भरताना

लग्नाच्या दोन दिवस आधी मानपाड्याच्या आमच्या घरी कासारीण चुडा भरायला आली, तेव्हा माझी बोटं सुजून टरारली होती. होणाऱ्या सासूबाई वर्तकनगरहून मुद्दाम आल्या होत्या आणि माझ्या अगदी समोर बसल्या होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही नाही.

दोन वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, मला संधिवात निघाला. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि सांध्यांवर तुटून पडते. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मनाने बंद करायच्या नाहीत. मूल हवं असेल तेव्हा मात्र आधी मला विचारायचं. या गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत."

गोळ्यांनी मी ठणठणीत होते. पण आईला सासरच्यांची धास्ती. "लग्नघरात दिसायला नकोत गं. महिनाभर नाही घेतल्यास तर काय होतंय?" आणि मी, एवढी शिकलेली, मुकाट्याने ऐकलं. अजून स्वतःचा राग येतो.

कासारणीने माझा अंगठा आत दाबला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "हात सैल सोडा ना ताई," ती म्हणाली. बांगडी पेरांवर अडली, तिने पुन्हा रेटली आणि काच तडकली. फुटली म्हणायचं नसतं, म्हणून आई घाईघाईने "वाढली, वाढली" म्हणाली.

सासूबाईंनी उठून माझा हात हातात घेतला. "किती गरम आहे हा!"

"उन्हाने हो," आई म्हणाली.

"संधिवात आहे," मी म्हणाले. "दोन वर्षं. तुम्हाला कळू नये म्हणून गोळ्या बंद केल्या."

सासूबाईंनी मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तूच सांग."

मी सगळं सांगितलं. गोळ्यांचं, मुलाबाळांचंही. आता तो लग्नाला नाही म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. पण तो म्हणाला, "आज डॉक्टर भेटतील का? मी निघतो."

फोन परत घेताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "हात सुजला नसता, तर सांगितलं असतंस?"

लग्नाला चार वर्षं झाली. गोळ्या आता फ्रीजवर सगळ्यांना दिसतील अशा असतात. सासूबाईंनी तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, आणि त्यांनाही. नसतं सांगितलं.