शिक्षा: हिंदीतली आणि मराठीतली

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पुरुषांच्या शिबिरात गटचर्चा चालवायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. रेल्वेतून रिटायर झालेलो, आवाज खणखणीत, आणि समोरच्याला न दुखावता गप्प करता येतं, एवढ्या भांडवलावर. रायपूरच्या बाहेर एका जुन्या शाळेत तीन दिवस शिबिर असतं. सकाळी उपदेश झाला की आठ-आठ जण आंब्याच्या झाडांखाली खुर्च्या ओढून बसतात. प्रश्नांचा कागद पाळकसाहेब देतात, तोही हिंदीत, कारण मंडळीत मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत.

लीडरचे नियम सोपे आहेत. पहिलं उत्तर त्याने स्वतः द्यायचं. मग दुसरे बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, समजावायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. 'धन्यवाद, भाई' म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. मला हे फार छान जमतं, अशी माझी समजूत होती.

यंदा माझा मुलगा पहिल्यांदाच आला होता. बत्तीस वर्षांचा, बीरगांवच्या एका कारखान्यात इंजिनियर, स्वतः एका मुलीचा बाप. आम्ही एकाच घरात राहतो, पण माझ्याशी त्याचं बोलणं म्हणजे 'हव पप्पा' नाहीतर 'नहीं पप्पा'. मी मराठीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो, तेही दोन शब्दांत. निघताना मी बायकोला म्हटलं होतं, "या वेळी त्याले घेऊनच जातो. चार लोकांत बसला का तोंड उघडन तो." मला त्या शिबिराकडून दुसरं काही नको होतं. खरं तर बापलेकांना एका गटात ठेवत नाहीत. पण एक लीडर तापाने पडला, दोन गट एक झाले, आणि मुलगा नेमका माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसला. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

त्या सकाळचा प्रश्न होता, 'पिता से मिली कौन-सी शिक्षा आप आज तक नहीं भूले?' हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. मराठीत काय, ते सांगायला नकोच. मला लगेच विनोद सुचला. म्हटलं, "जो मराठी भाई बैठे हैं, घबराना मत. मार कितनी खाई, ये नहीं पूछ रहे." सगळे हसले. मग मी माझं उत्तर दिलं. माझे वडील पट्ट्याने मारायचे, आणि त्यातून मी एकच शिकलो, की आपल्या लेकराला बोटही लावायचं नाही. "और मैंने कभी नहीं लगाया," असं म्हणून मी ऐटीत मुलाकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत होता.

कोणी इमानदारी सांगितली, कोणी पहाटे उठणं. पुरानी बस्तीतले एक काका वडिलांची सायकल पुसायची रीत सांगत बसले, त्यांना मी हात दाखवून आवरलं. मग मुलाची पाळी आली.

"पप्पा ने मज़ाक किया," तो म्हणाला, "पर मेरे को मराठी वाली शिक्षा ही याद आई."

लोक पुन्हा हसायच्या तयारीत होते. मीसुद्धा.

"नौ साल का था. क्रिसमस के प्रोग्राम में बाइबल का वचन बोलना था. स्टेज पर भूल गया. पप्पा सामने ही बैठे थे. उस दिन से पप्पा ने मेरे से बात करना बंद कर दिया. मारा नहीं कभी. बस, बात नहीं की. मैं सामने बैठा रहता था और मम्मी से बोलते थे, उसको कहो खाना खा ले. मैं रोज़ उनके दरवाज़े के बाहर खड़ा होकर वो वचन पूरा बोलता था. ज़ोर से. पाम संडे तक."

अबोला धरला होता हे मला आठवत होतं, पण चार-पाच दिवसांचा, पोट्ट्याला जरा धाक बसावा एवढाच. पाम संडे? नाताळपासून झावळ्यांच्या रविवारापर्यंत म्हणजे तीन महिने! हा कोणाच्या बापाबद्दल बोलतोय, असंच क्षणभर वाटलं. आणि मग दाराबाहेरचा तो आवाज आठवला. मी तो ऐकत होतो. आतमध्ये पेपर वाचत बसून रोज ऐकत होतो, आणि आता पाठांतर पक्कं झालं म्हणून मला बरं वाटायचं. स्वतःची एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून सवयीने निघालं, "धन्यवाद, भाई." आणि मी पुढच्याकडे वळलो. पोटच्या पोराला 'धन्यवाद, भाई'! पुढचा माणूस काय बोलला, त्यातलं एक अक्षर मी ऐकलं नाही.

जेवणाआधी हात धुवायच्या नळापाशी मी त्याला गाठलं.

"एवढं मनात होतं, त मले काहून नाही सांगितलं रे तवा?"

त्याने नळ बंद केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. आपल्या छोट्या मुलीला समजावून सांगतो तितक्या हळू आवाजात तो म्हणाला, "किसको बताता, पप्पा? आप तो बात ही नहीं करते थे."