डेन्मार्कचा जास्तीचा तास

अर्धे तांदूळ निवडून झाले, तोच मोठ्या जाऊबाईंनी, सुशिलाबाईंनी हाक दिली. डेन्मार्कात नोकरीला असलेल्या ओमेशला, एकुलत्या लेकाला, फोनवर सोबत घेतल्याशिवाय त्यांची रविवारची बाराची आरती कधी झाली नाही. आज पठ्ठ्या फोनच उचलेना. आरती चुकते की काय म्हणून जाऊबाई रडवेल्या झाल्या. चौथ्यांदा त्याने उचलला.

"काऊन रे, देव थांबून राहिला न!"

"आई, इकडे हिवाळ्यासाठी आज घड्याळं एक तास मागं केली. आता साडेसातच वाजले. साडेआठला करू."

"कोणी केली मागं?"

"सरकारनं."

"मंग सरकारनं तास देल्ला, तर त्यात आंघोळ करून घे!"

मला हसू आवरेना. तासाभरात हार कोमेजेल, म्हणून जाऊबाई कुडव्याच्या चौकात ताजी फुलं आणायला निघाल्या.