तुराटीच्या मापाचा जोडा

नाना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्यांची नजर आधी त्याच्या पायांवर जायची आणि बोलणं संपेपर्यंत तिथेच राहायची. धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका बोळात त्यांचं एका शटरचं चपला-बुटांचं दुकान होतं. कॉलेजात असल्यापासून तीसेक वर्षं मी तिथे जात होतो. पण रस्त्यात भेटलो तर नाना मला ओळखायचे ते पायांवरूनच. एकदा बसस्टँडवर मी हाक मारली, तर वळून खाली बघत म्हणाले, "मोटरसायकल लिन्ही का भो?" घेऊन महिनाच झाला होता. गिअर पाडून पाडून डाव्या बुटाची वरची बाजू घासली गेली होती, ती त्यांना चार हातांवरून दिसली.

सकाळी नाना जोडा विकत नसत. दुकान नऊला उघडायचं, पण अकराच्या आत कोणी बूट मागितले तर ते सरळ सांगायचे, "सांजले या. सकायले पाय खोटं बोलस." रात्रभर आडवा पडलेला पाय सकाळी आक्रसलेला असतो, दिवसभर वापरला की पसरतो, आणि जोडा घ्यायचा तो पसरलेल्या पायाला, असा त्यांचा हिशेब. गिऱ्हाईक चिडायचं. "मग सकाळी दुकान कशाला उघडता?" असं एकाने विचारलं. नाना शांतपणे म्हणाले, "पेपर वाचाले."

जोडा पायात घालून दुकानातल्या चटईवर दोन पावलं टाकली की झालं, हे त्यांना मान्यच नव्हतं. "चटईवर तं मुडदा बी चालस," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला बाहेर पिटाळायचे. बोळाच्या टोकाला चहाची टपरी होती. नवा जोडा घालून तिथवर जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. वाटेत गटाराची तिरकी फरशी, चार दगडी पायऱ्या आणि थोडा उतार होता. उतारावर बोटं पुढे टेकली तर जोडा लहान, चढावर टाच निघाली तर मोठा. एकदा एक गिऱ्हाईक चहा प्यायला गेलं ते परत आलंच नाही. जुनी वहाण दुकानातच पडलेली. शेजारचे दुकानदार हळहळले, पण नाना खुशीत होते. "बठ्ठासमा भारी बसेल जोडा तोच. चावता तं लगेच परत येता!" चार दिवसांनी तो माणूस हसत हसत पैसे द्यायला आला, आणि बायकोलाही घेऊन आला.

कोणी गाव बघायला निघालं की नानांच्या अंगात वेगळाच उत्साह यायचा. कुठे जाणार, किती चालणार, पायऱ्या किती, देवळात किती वेळा काढावे लागणार, सगळं विचारायचे. मग बूट हातात घेऊन वाकवून दाखवायचे. बोटं वाकतात तिथे वाकला तर ठेवायचा, मधेच मोडला तर खोक्यात परत. नव्या जोडप्याने फिरायला जायचं म्हणून उंच टाचांची चप्पल मागितली, तेव्हा त्यांनी ती दिली आणि पिशवीत नवरीच्या मापाची एक सपाट चप्पलही टाकली. "हाई फोटोनी, हाई पायनी." पण सगळ्यात पक्का नियम एकच. कोरा जोडा घालून गाडीत बसायचं नाही. आधी पंधरा दिवस तो भाजीबाजारात हिंडवायचा. "नवा जोडाले पहिले आपला गाव दखाडा, मंग लोकेस्ना."

इतकं सगळं मला पाठ होतं. म्हणूनच पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी झालं, असं मला म्हणता येत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवायची. अंगणवाडीच्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यात देशातल्या इमारतींची चित्रं होती. पोरं हवामहालाच्या खिडक्या मोजायचा हट्ट धरायची आणि चित्रात त्या इतक्या बारीक होत्या की दर वेळी वेगळा आकडा यायचा. अक्का म्हणायची, "एकदा समोर उभी ऱ्हाईसन मोजसू, मंग सांगसू तुम्हले." ती निवृत्त झाली तेव्हा मी जयपूरची तिकिटं काढली. आई आजारी असताना मला वाढवलं ते तिने. तिच्यासाठी काहीतरी करायची संधी मी बरीच वर्षं पुढे ढकलली होती.

आमच्या गावात बायकांनी जोड्यासाठी दुकानात जायची पद्धत अजूनही फारशी नाही. बाजाराला जाणारा माणूस टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या मापाची तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, मोडून खिशात घालतो आणि तिच्यावरून चप्पल आणतो. अक्कानेही सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या पाय टेकवून तुराटी मोडली आणि माझ्या हातात दिली. "नानाकडथूनच लेजो भाऊ," एवढं बजावलं.

मी ती काडी नानांच्या समोर ठेवली आणि अक्काला जयपूरला घालायला जोडा हवाय, असं सांगितलं. नानांनी ती उचलली, चष्म्याजवळ धरली.

"जयपूरले हाई काडी जाई ऱ्हायनी का अक्का?"

"नाना, मापाला आणलीय."

"लांबी समजनी. रुंदी? बोटं कशी शेतस? अंगठा कथा वयेल शे? सांजले अक्काले लई ये."

"गाडी चार दिवसांवर आली नाना. मला सुट्टी नाही."

"मंग तिन्या जुन्या चपलाच बऱ्या. त्यास्ले तिना पाय माहीत शे."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मला ते लागलं. मी जळगावला सरकारी कचेरीत साहेब म्हणून वावरणारा माणूस, आणि माझ्या बहिणीने जयपूर झिजलेल्या चपलांवर बघायचं? त्याच संध्याकाळी जळगावात एका चकचकीत दुकानातून मी पांढरेशुभ्र बूट घेतले. तुराटी आत घातली तर बरोब्बर बसली. पुढे अंगठ्याएवढी जागा सोडायची असते हेही मला ठाऊक होतं. पण त्याच्या पुढचा नंबर त्यांच्याकडे नव्हता, आणि मला ते बूट फार आवडले होते. खोकं बॅगेत मावेना म्हणून टाकून दिलं. अक्काने बूट पाहिले आणि म्हणाली, "नानास्नी यंदा फॅशन काढी!" मी तिची समजूत तशीच राहू दिली.

आमेरच्या किल्ल्याच्या चढावर, दुपारी बाराला, अक्का एका पायरीवर बसली. "तू जाय भाऊ. मी आठेच बठस. हवा भारी शे." हवा अजिबात नव्हती. मी वैतागलो. एवढ्या लांब येऊन बसायचंच होतं तर गावातला पार काय वाईट होता, असं मी बोललो. ती हसली आणि उठून आणखी दोन वळणं चढली. संध्याकाळी खोलीवर तिने मोजे काढले तेव्हा टाचेचं कातडं मोज्याबरोबर आलं. दोन्ही करंगळ्यांवर फोड फुटलेले. "दुखत नही रे," ती म्हणाली, आणि मला तोंड वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी हवामहाल तिने रिक्षातून पाहिला. मागून पोलीस शिट्ट्या मारत होता, त्यामुळे रिक्षावाला थांबायला तयार नव्हता. अक्काने मान बाहेर काढून मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन..." आणि सव्विसावर हवामहाल मागे गेला.

गावी परतल्यावर शेजारणी जमल्या. अक्काच्या पायाला चिंध्या बांधलेल्या. "कोन्हाकडथून लिन्हात व जोडा?" कोणीतरी विचारलं. अक्का म्हणाली, "धुयाना नानाकडथून." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा नुसतं गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी म्हणालो, "हो ना, या वेळी नाना चुकलेच." किती सहज निघालं ते तोंडातून.

आठवड्याने अक्काचा फोन आला. ती बूट पिशवीत घालून एकटीच एसटीने धुळ्याला गेली होती, नानांना जाब विचारायला. "त्यास्नी जोडा उलटा करीसन दखा, मंग मना पाय दखा. मंग म्हने, हां अक्का, माप चुकनं. काय भला माणूस शे रे! मी भांडाले गयथू, आन् त्यास्नी दुसरा जोडा दिना. पैसा लेतस नही." नानांनी तिला दोनदा टपरीपर्यंत पिटाळलं होतं. तपकिरी, होडीसारखा रुंद, दिसायला अगदी ओबडधोबड जोडा. पांढरे बूट त्यांनी ठेवून घेतले.

जो माणूस स्वतःच्या दुकानातला जोडा अंधारातही ओळखायचा, त्याला तो आपला नाही हे कळलं नसेल? मी दर शनिवारी ठरवायचो, या वेळी धुळ्याला जाऊन सांगून टाकायचं. आणि दर शनिवारी काहीतरी काम निघायचं. असं वर्ष गेलं. त्या वर्षात दोनदा मी कोणाच्या तरी तोंडून ऐकलं, "नानांची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही म्हणे." ते आमच्या गावातूनच निघालेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात नानांनी दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे साथ देईनात, आणि लोक मोबाइलवर जोडे मागवू लागले. "त्या मोबाइलवर पाय ठीसन दखतस का?" असं ते विचारायचे. मुलगी भडगावला दिलेली होती, तिच्याकडे राहायला जाणार होते. शेवटच्या संध्याकाळी जुनी गिऱ्हाइकं आपोआप जमली. टपरीवाल्याने चहा फुकट ठेवला. अक्काही आली, पायात तोच तपकिरी जोडा. मी तिच्यासोबत होतो. फळ्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. वरच्या फळीवर, खोक्याशिवाय, पांढऱ्या बुटांची एक जोडी तेवढी होती.

आठवणी निघाल्या. अक्का रंगात आली. वर बोट करून म्हणाली, "दखा भो, बठ्ठी जिंदगीमा नाना एकच डाव चुकनात. तो जोडा!" सगळे हसले. नानाही हसले आणि मान हलवली, "हां, चुकनू."

मी म्हणालो, "तो जोडा नानांचा नाही."

आवाज मोठा निघाला असावा, कारण टपरीवाला किटली धरून तसाच थांबला. मग मी सगळं सांगितलं. तुराटी, जळगावचं दुकान, टाकून दिलेलं खोकं, शेजारणींपुढचं ते वाक्य. सांगताना मी नानांच्या पायांकडे बघत होतो. जाड, भेगाळलेले पाय होते, आणि साध्या रबरी चपला.

अक्काने हातातली पिशवी माझ्या पाठीत घातली. आत नारळ होता. "वर्षभर या मान्सले मी गावमा बदनाम करी ऱ्हायनू, आन् तू ऐकी ऱ्हायना व्हता?"

"मार नको अक्का," नाना म्हणाले. "माप मन्हंच चुकनं. काडी लिसनी उना तवय याले कान धरीसन बठाडतू आन् तुले बलावतू, तं तुना पाय वाचता. मी याले जाऊ दिन्हं."

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना नाना? मग अक्काला का नाही सांगितलं?"

"तू सांगशी, आसं वाटनं व्हतं."

एवढंच म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच. बराच वेळ बघत राहिले, जशी एखादी शिवण तपासावी तसं.

"म्हातारा व्हई गया रे तू," ते म्हणाले. "पायवरथीन वाटत नव्हतं."

दुकान हसण्याने भरून गेलं. मीही हसलो, पण मला डोळे पुसावे लागले. शटर ओढायच्या आधी नानांनी ते पांढरे बूट उतरवून माझ्या हातात दिले. मी अजून ते जपून ठेवलेत.

येत्या थंडीत अक्का आणि मी पुन्हा जयपूरला निघतोय. तपकिरी जोड्याचं आतापर्यंत आमचं गाव, शिंदखेडा, दोंडाईच्याचा बाजार, सगळं पाहून झालंय. अक्काने मला आधीच सांगून ठेवलंय की हवामहालासमोर तिला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, ती मोजत असेल. मधेच विसरली तर पहिल्यापासून. मी म्हटलं, चालेल. माझ्यासाठी जोडा घ्यायला मी जळगावात गेलो तो संध्याकाळी, आणि दुकानदाराला म्हणालो, "हे घालून मी जरा चहा पिऊन येतो." तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.