सकाळचे नमुने

रुग्णालयाच्या कचेरीत तिला सगळे 'अधिकउणे' म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या तोंडानेच कमावलं होतं. कुणी "दहा मिनिटांत आलोच" म्हणालं, की हिचा प्रश्न तयार, "अधिकउणे किती?" नवराही पंचवीस वर्षांत इतका तयार झाला होता, की बाहेर पडताना आपणहून सांगायचा, "अर्ध्या तासात येतो, अधिकउणे गप्पा."

तिचं काम म्हणजे आजारी मुलांना दिलेलं औषध रक्तात किती चढतं आणि किती वेळात उतरतं, याचं गणित संगणकावर मांडायचं. संगणक एक रेघ काढतो. मोजलेले आकडे त्या रेघेवर कधी तंतोतंत बसत नाहीत, थोडेफार खालीवर राहतातच. ही उरलेली चूक किती धरायची, हे त्याला आधी एका ओळीत लिहून द्यावं लागतं. त्याला स्वतःची अक्कल कुठली! आपण देऊ तेवढीच सूट तो देतो, आणि त्याबाहेरचा आकडा दिसला की बोंब मारतो.

या खेपेला बोंब होती सकाळच्या नमुन्यांबद्दल. औषध देऊन चोवीस तास उलटले, रक्तात ते जेमतेम उरलं, की घेतात ते नमुने. बत्तीस मुलं, आणि बत्तिसांचेही आकडे रेघ सोडून भरकटलेले. तिने अहवालात लिहिलं, 'सकाळचे नमुने सदोष दिसतात.' मोठ्या डॉक्टरांनी लगेच तर्क लढवला, की ज्या नळीतून औषध दिलं त्याच नळीतून रक्त ओढलं असणार आणि नळीत राहिलेलं औषध नमुन्यात मिसळलं असणार, म्हणजे निष्काळजीपणा. आता सकाळच्या पाळीला रक्त काढणारी परिचारिका एकच होती, आणि ती होती हिची सख्खी नणंद. वय वर्षं बावन्न, पण घरात अजून 'बेबी'. बेबीने त्या दिवसापासून सुई धरायची नाही, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून तिला मुलांच्या वॉर्डातून हलवून नोंदणीच्या खिडकीवर बसवायचं, असं ठरलं.

बेबीचा फोन आला तो आगीसारखा. "वहिनी, सत्तावीस वर्षं पोरांची रक्तं काढतेय मी. एकाला दोनदा टोचावं लागलं तर मला दिवसभर घास जात नाही. आणि तू लिहितेस सदोष?"

"मी तुझं नाव कुठे लिहिलंय?"

"मग सकाळी तिथे दुसरं कोण असतं गं? भूत?" आणि फोन आपटला. त्याला आता तीन आठवडे होत आले होते. नवऱ्याने पहिल्याच दिवशी हात वर केले होते. बहीण आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची त्याची छाती नव्हती.

खरं म्हणजे तिने आकडे पुन्हा तपासायला हवे होते. दुसरी कुणी परिचारिका असती तर तपासलेही असते. पण नणंद पडली ना! 'घरातली म्हणून पाठीशी घातलं' असं कुणी म्हणायला नको, म्हणून बाईसाहेब ताठ बसून राहिल्या. असला कसला प्रामाणिकपणा, ज्याच्यापायी साधी तपासणीसुद्धा राहून गेली? त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मात्र तिला जेवणाचा डबा उघडवेना. ती उठली आणि थेट प्रयोगशाळेत गेली.

तिथल्या यंत्रावर जुने जाणते काका होते. ती म्हणाली, "काका, एक सकाळचा नमुना परत लावता का?"

"एकदा कशाला? सहा वेळा लावतो."

उत्तरं आली, तीन दशांश, पाच दशांश, एक दशांश, पुन्हा तीन... तिचे डोळेच विस्फारले. "अहो काका, बाटली तर एकच आहे!"

"मग? यंत्र आहे ते. एवढंसं औषध असलं की चाचपडतं. आकडा मोठा असला तर शेकडा पाच-सहा चुकतं, पण लहान आकड्यालासुद्धा दोन दशांश इकडेतिकडे होतंच. आकड्यांच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं होतं मी. तुम्ही वाचता कुठे!"

तशीच धावत येऊन तिने फाईल उघडली, तर ती ओळ तिथे होती. मागच्या औषधाची फाईल उचलून तिने नवी बनवली होती, आणि उरलेल्या चुकीची ओळ जुनीच राहिली होती, प्रत्येक आकड्याच्या दहा टक्के. मागचं औषध कधी इतकं खाली उतरतच नसे, तिथे हे खपून गेलं. इथे विसाच्या आकड्याला दोनाची सूट मिळत होती, आणि तीन दशांशाला जवळजवळ काहीच नाही. जे यंत्राला जमत नव्हतं ते ती बेबीकडून मागत होती.

तिने ओळीत भर घातली, दहा टक्के आणि शिवाय एक ठरावीक चूक, आकडा कितीही लहान असो. अकरा मिनिटं संगणक घरघरला. मग भरकटलेले ठिपके रेघेच्या दोन्ही अंगांना शहाण्यासारखे येऊन बसले, सकाळचेही. "हुश्श!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकून उठला.

मोठे डॉक्टर तिचं ऐकून घेताना चष्म्यावरून बघत होते. "नणंद ना तुमची?" ते म्हणाले.

"हो. म्हणूनच काकांचा कागद आणलाय. हे सहा आकडे एकाच बाटलीचे आहेत, यात माझी नणंद कुठेच नाही. चूक माझी आहे डॉक्टर. ओळ मी बदलली नाही. औषधाचं प्रमाण थोडं बदलतंय, तेही लिहून आणलंय."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, काकांना फोन लावला, आणि मग सोमवारच्या हुकुमावर आडवी रेघ मारली.

बेबी वॉर्डामागच्या खोलीत कापसाचे बोळे करत बसली होती. तीन आठवडे तिने हातात सुई धरली नव्हती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"बेबी, नमुने चांगले होते गं. सगळे. माझंच चुकलं."

बेबीचे हात थांबले. "म्हणजे माझा हात ठीक आहे?"

"तुझ्या हाताला काय झालंय?"

"मलाच वाटायला लागलं होतं वहिनी, की गेला आता हात. रोज सकाळी पेला काठोकाठ भरून धरून बघते, सांडतो का. परवा सांडला."

हिने खाली बसून ते दोन्ही हात घट्ट धरले. बेबी आधी ढसाढसा रडली आणि मग तिने हिच्या पाठीत एक धपाटा घातला. "आधी बघायचं की गं, गाढवे!"

तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. नव्या सिस्टरला एका मुलाची शीर सापडत नव्हती, दोनदा टोचून झालं होतं. बेबीने पदराने डोळे पुसले, साबण लावून हात धुतले आणि ती आत गेली. ही दारात उभी राहून बघत होती. मुलाने रडायला तोंड उघडलं, आणि सूर लागायच्या आत नमुन्याची नळी भरली होती.